साहेबाचं पोतं

पटाशीच्या दुकानातून एकही खुर्ची साहेब बसल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि हा साहेब म्हणजे वाळूनं भरलेलं एक पोतं होतं.

पटाशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लाकूड कोरायचं धारदार हत्यार ते पटाशी, आणि सुताराच्या ह्या मुलीची जीभ लहानपणापासून तशीच. आत्यानं गमतीनं हाक मारली ती गावानं उचलली, आणि आता चाळिशी उलटली तरी बिलावरसुद्धा लोक तेच लिहा म्हणतात. दुकान बापलेक मिळून चालवत. वडिलांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसून गाद्या-उशा शिवायची आणि तिथूनच साऱ्या दुकानाला सल्ले द्यायची.

तर ते पोतं. पणजोबांच्या काळात इथे परक्यांचं राज्य होतं. टेकडीवरच्या बंगल्यात एक गोरा साहेब राहायचा आणि त्याच्या आवारात खुर्च्यांचा कारखाना होता. पणजोबा तिथले कारागीर. बनवणाऱ्यानं खुर्चीवर बसायचं नाही, असा तिथला नियम. मग खुर्ची साहेबाला पेलते की नाही हे बघायचं कसं? साहेबाच्या वजनाइतकी वाळू एका जाड पोत्यात भरायची आणि ते पोतं खुर्चीत बसवायचं, अशी युक्ती निघाली. साहेबाचं बरं चाललं होतं. दरवर्षी तो आणखी फुगायचा आणि दरवर्षी पोत्यात वाळूची भर पडायची. पुढे राज्य गेलं, साहेब बोटीत बसून आपल्या देशी गेला, पण जाताना होतं तेवढं वजन ह्या घरात ठेवून गेला.

पोत्याबरोबर साचेही आले. पायाचा, पाठीचा, हाताचा, सगळे साहेबाच्या अंगाला बेतलेले. ते अजून भिंतीवर टांगलेले होते आणि त्यांच्याबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. मिस्त्रींना तर ह्या साऱ्याचा केवढा अभिमान! नवं गिऱ्हाईक आलं की छाती फुगवून म्हणायचे, "आमच्या खुर्चीत पहिला साहेब बसतो, मग तुम्ही. बनवणारा कधीच नाही. खुर्चीचा मान असतो." त्यांनी जन्मात आपल्या हातच्या खुर्चीला बूड टेकवलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या घरीसुद्धा "बसा ना" म्हटलं की हे आपले दाराशी उभे.

उभं राहून राहून त्यांच्या पायांची मात्र पार वाट लागली होती. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपला निघता निघत नसत. टेकडीवरच्या बंगल्यात आता सरकारी दवाखाना होता आणि तिथल्या सिस्टरनं त्यांना खडसावून सांगितलं होतं, "मिस्त्री, जमिनीवर बसणं बंद. त्या रंगाच्या डब्यावर बसणं बंद. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला नीट टेकवून मधूनमधून बसायचं. नाहीतर दुकान सोडून घरी पडून राहा."

पटाशीनं हौसेनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी देवघरात चपला घालून आलंय. "सुताराच्या घरात प्लॅस्टिक? मी मेल्यावर आण." बरं, लाकडाची बनवून देते म्हटलं, तर "ह्या दुकानात बनली म्हणजे मीच बनवली. मी कसा बसणार?" तिनं कपाळाला हात लावला. दुकान सोडून घरी बसलेले बाबा कसे असतील, हे तिला कल्पनेतसुद्धा नको होतं.

अशात दवाखान्याच्या बागेतलं साहेबाचं झाड पाडायचं ठरलं. ते साहेबानंच कुठल्याशा तिसऱ्याच मुलखातून आणून लावलेलं. इतकी वर्षं झाली तरी त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या सावलीत फक्त बंगल्यातल्या माणसांनी बसायचं असे, बाकीच्यांना पहारेकरी हाकलून लावायचा. आता त्याची मुळं गटारात शिरली होती आणि एक फांदी औषधांच्या खोलीवर रेलली होती. ठेकेदार सगळं लाकूड जळणाला नेणार होता. सिस्टर आडवी आली. तिनं मिस्त्रींना बोलावलं आणि म्हणाली, "माझे पेशंट तासन्‌तास फरशीवर बसतात. ह्या लाकडाच्या खुर्च्या करून द्या. निम्मं लाकूड तुमचं."

बुंध्याला करवत लागली आणि आतून कोऱ्या चहाच्या रंगाचं लाकूड निघालं. मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला, वास घेतला आणि लहान पोरासारखे हसले. ठेकेदार म्हणाला, "साहेबाचं झाड, उंची लाकूड असणारच." मिस्त्री म्हणाले, "झाडाला काय माहीत त्याला कुणी लावलं? त्यानं इथलं पाणी प्यायलंय. आपलंच आहे ते."

लाकूड ओलं होतं. फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवल्या आणि दोन उन्हाळे वाट पाहिली. मिस्त्री रोज सकाळी त्या ढिगाला जाऊन बघून येत. आत्या म्हणायची, "माझ्या तब्येतीची अशी चौकशी कधी केली नाहीस रे." मग रंधे चालले, लाकडाच्या ढलप्यांनी दुकान घोट्यापर्यंत भरलं. बापलेकीनं साहेबाच्या साच्यावरून रांगेनं खुर्च्या उभ्या केल्या. इतक्या देखण्या, की रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. एरवी प्रत्येक खुर्चीबरोबर पायाखाली घ्यायला एक छोटा पाटही विकत, तशी पद्धतच होती. पण सिस्टरनं पाट नको म्हणून निक्षून सांगितलं, म्हातारी माणसं अडखळून पडतात म्हणाली.

न्यायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. मिस्त्री पटाशीला म्हणाले, "चल, साहेबाला घे." दोघांनी दोन बाजूंनी पोतं उचललं, पहिल्या खुर्चीपर्यंत आणलं आणि फर्रकन आवाज झाला. पोत्याची शिवण तळापासून उसवली. साहेब बघता बघता गळून गेला आणि दुकानभर वाळूच वाळू झाली. दोघांच्या हातात नुसतं लोंबणारं कापड उरलं.

मिस्त्री पांढरेफटक पडले. पटाशीनं मात्र शिवण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. दोरा तुटला नव्हता, टाक्याटाक्याला स्वच्छ कापलेला होता. तिनं मागच्या खोलीकडे पाहिलं. आत्या दारात उभी होती, अगदी निरागस चेहऱ्यानं.

"आत्या, हे काय गं?"

"उंदीर असतील."

"उंदीर कात्री घेऊन येतात?"

"आजकाल काय सांगावं," आत्या म्हणाली.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. न तपासलेली खुर्ची द्यायची म्हणजे मिस्त्रींच्या लेखी दुकानाला काळिमा. दुसरं पोतं शिवायला दिवस जाणार. पटाशी म्हणाली, "मी बसते ना." "तूही बनवणारीच," मिस्त्री म्हणाले.

"मी तर नाही ना बनवणारी?" असं म्हणत आत्या वाळू तुडवत आली, पदर खोचला आणि पहिल्या खुर्चीवर चढली. चढली हाच शब्द खरा, कारण तिला आधी खुर्चीचे दोन्ही हात धरून उडीच मारावी लागली. बसली, आणि तिचे पाय शाळेतल्या पोरीसारखे हवेत लोंबकळू लागले. तिनं ते मागेपुढे हलवून दाखवले.

"छान आहे. झोपाळाच आहे. फक्त माझ्या मांड्यांना कड रुततेय आणि पाठ टेकायची तर मला आत रांगत जावं लागेल."

"ताई, चेष्टा नको करू. खुर्चीचा मान—"

"कसला मान रे?" आत्याचा आवाज एकदम बदलला. "तुला आजोबांनी मान म्हणून सांगितलं, कारण तू लहान होतास आणि हौसेनं रंधा धरत होतास. मला खरं सांगितलं होतं. एकदा उन्हाळ्यात काम संपवून ते आपणच बनवलेल्या खुर्चीत पाच मिनिटं टेकले. साहेबानं पाहिलं. त्यानं ती खुर्ची सगळ्यांसमोर जाळली, त्याच झाडाखाली. म्हणाला, आता ही मळली. तेव्हापासून नियम. धाकट्याला सांगू नकोस म्हणाले, त्याचा हुरूप जाईल."

मिस्त्रींनी हातातलं रिकामं पोतं चार वेळा घडी केलं आणि चार वेळा उलगडलं. पटाशीला त्यांच्याकडे बघवेना. साठ वर्षं जो अभिमान म्हणून मिरवला तो एका माणसाचा अपमान होता, हे बाबांना आज असं वाळूत उभं राहून कळावं, ह्याचं तिला फार वाईट वाटलं. आत्यावर ती मनातल्या मनात चिडलीसुद्धा.

मग मिस्त्री म्हणाले, "ताई, ऊठ."

आत्या उडी मारून उतरली. मिस्त्री खुर्चीपुढे आले, उलटे वळले, थांबले. दोन्ही हातांवर भार देऊन हळूच, चोरी केल्यासारखे, बसले. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. त्यांनी पाठ टेकवायला अंग मागे नेलं आणि त्यांच्या सुजलेल्या पायांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. ते वाकून आपल्या पायांकडे बघत राहिले.

"पटाशे," ते म्हणाले, "माझे पाय पोचत नाहीत गं."

"नाही पोचत, बाबा."

"म्हणजे सगळ्या गावाचे पाय मी असे लोंबकळत ठेवले?"

"म्हणून तर पाट विकले," आत्या म्हणाली.

मिस्त्रींच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला. पटाशीला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पोत्याला पाय नसतात!" ते कसेबसे म्हणाले. "चार पिढ्या खुर्च्या केल्या आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, पोत्याला पाय नसतात!" मग पटाशी हसायला लागली, आत्या तर वाळूतच बसली. काय चाललंय म्हणून टेम्पोवाला आत आला, तोही कारण न कळता हसायला लागला.

"करवत दे," मिस्त्री म्हणाले.

पुढे जे झालं त्याला काम म्हणावं की जत्रा, कळत नाही. कुठवर कापायचं ह्यावरून भावाबहिणीत जुंपली. "माझी टाच टेकेल तिथवर." "आणि माझी? दवाखान्यात काय सगळ्या तुझ्यासारख्या लंबूटांग्याच येतात?" शेवटी पटाशीनंच निकाल दिला. सगळ्या खुर्च्या एका मापाच्या हव्यातच कशाला? तिनं दारात उभं राहून आळीला हाक मारली. शेजारची शिंपीण आली, तिची सासू आली, पोस्टमन सायकल टेकवून आला, टेम्पोवाला होताच. एकेकाला एकेका खुर्चीत बसवायचं, टाचेखालचं अंतर मोजायचं, खुर्ची सपाट फळीवर ठेवून चारी पायांवर सारखी खूण करायची आणि कापायचं. पोस्टमनच्या खुर्चीची दोन बोटंच गेली, शिंपिणीच्या सासूच्या खुर्चीची चांगली वीतभर. ती बाई पाय टेकवून बसली आणि म्हणाली, "अगंबाई, खुर्ची अशी असते होय!" कुठे पाठीशी जागा जास्त उरली, तिथे आत्या लगेच उशी शिवून देत होती. मिस्त्री घामाघूम झाले होते आणि ओरडून ओरडून सूचना देत होते. पटाशीनं त्यांना इतकं खूश त्या बुंध्याला करवत लागली त्या दिवशीच पाहिलं होतं.

पहिली खुर्ची मात्र आपल्या वाट्याच्या निम्म्या लाकडातली, घरची म्हणून मागे ठेवली. तिचे पाय मिस्त्रींनी स्वतः कापले.

कापलेल्या तुकड्यांचा ढीग पडला. पटाशीनं त्यातले ओंजळभर उचलले आणि सरस वितळवायच्या शेगडीत घातले. लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं, चटकन पेटलं. आत्यानं त्यावर चहाचं भांडं चढवलं. मिस्त्री काही क्षण त्या जाळाकडे बघत उभे राहिले. मग आपल्या खुर्चीशी गेले आणि ह्या वेळी इकडेतिकडे न बघता, कुणाला न विचारता बसले. पाठ टेकली. दोन्ही पाय वाळूत, जमिनीला पुरते टेकले. आत्यानं हातात कप दिला.

बाहेर सगळ्या खुर्च्या चढवून, दोर बांधून टेम्पोवाला केव्हाचा तयार होता. त्यानं हॉर्न दिला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. त्यानं पुन्हा दिला आणि हाक मारली, "मिस्त्री, चला की, उशीर होतोय!"

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला, पायांची बोटं वाळूत हलवून पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"थांब जरा. मी बसलोय."