चवळीखाऊ

न्येलेनी आमच्या गावात उतरली त्याच दिवशी तिला आडनाव मिळालं. म्हातारे न्गोलो कोने यांच्या घरी तिचं बिऱ्हाड, म्हणून ती कोने. येताना तिनं इंग्रिड असं एक नाव आणलं होतं. आमच्या बायकांनी ते दोनदा उच्चारून बघितलं आणि पिशवीत परत ठेवायला सांगितलं; न्येलेनी हे नाव त्यांनीच ठेवलं. दोन वर्षं राहून ती बायकांना भाजीचे वाफे शिकवणार होती. बायका तीस वर्षं वाफे करतच होत्या, पण पाहुणीचं मन कशाला मोडा, म्हणून शिकल्या.

मी त्येमोको त्राओरे. कोने आणि त्राओरे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. आम्ही त्यांना चवळीखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला आपले गडी म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. एखाद्यानं नुसतंच नीट बोलून सोडलं, तर त्याला ताप आहे का म्हणून घरी चौकशी जाते.

त्यामुळे दुसऱ्याच सकाळी विहिरीवर मी विचारलं, "काय गं चवळीखाऊ, रात्री किती पातेली संपवलीस?"

ती कानापर्यंत लाल झाली. आठवड्यानं माझ्याकडे वही घेऊन आली. आल्यापासूनचं प्रत्येक जेवण तारखेसकट लिहिलेलं. बाजरीचा घाटा, गोरखचिंचेच्या पाल्याचं कालवण, घाटा, घाटा, पुन्हा घाटा. चवळी एकदाही नाही. खाली साक्षीदार म्हणून न्गोलोबाबांचा अंगठा. ही वही गावभर फिरली आणि सगळ्यांची खात्रीच पटली. लपूनछपून खाणाऱ्याशिवाय एवढा पुरावा कोण ठेवतो?

तरी ती टिकली. मुसळानं हाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले. सकाळची घरादाराची विचारपूस संपवायला लागणारा पाव तास ती न चुकता द्यायची. बाजरी पेरून झाल्यावर न्गोलोबाबा डोळ्यांच्या उपचारासाठी दूर लेकीकडे गेले. जाताना तिला म्हणाले, "कोनेंचं घर आता तू." गावात दुसरं कोने घर नव्हतंच.

आणि महिन्याभरात माझे वडील झान आणि त्यांचे थोरले भाऊ, माझे थोरले बाबा बाबलेन, यांचं वाजलं. वडील चारचौघांत म्हणाले की बाबलेनपेक्षा त्याच्या गाढवाला जास्त कळतं. पुढच्याच आठवड्यात गाढव मेलं. आता शब्द मागं घ्यावेत तर मेलेल्याचा अपमान, न घ्यावेत तर जिवंताचा. दोघांचं बोलणं तुटलं. सावलीचा कडुनिंब मात्र दोन्ही घरांत एकच, म्हणून दोघं रोज त्याच झाडाखाली पाठीला पाठ लावून बसायचे.

यात माझं मरण होतं. मला सितानशी लग्न करायचं होतं. मागणीचे कोला, म्हणजे आमच्याकडे सुपारीसारख्या चघळतात त्या कडू बिया, घरातल्या थोरल्यानं पाठवायचे असतात. वडिलांनी पाठवलेले कोला सितानच्या बापानं दोनदा परत केले. तुमचा थोरला कुठे गेला, एवढंच विचारलं. कापणी उरकेपर्यंत वाट बघेन, मग दुसऱ्या घराचे कोला ठेवून घेईन, असं त्यानं सांगून टाकलं. कापणी आठ दिवसांत उरकणार होती.

मुल्ला येऊन गेले, गावप्रमुख येऊन गेले. दोघे भाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, पाठीला पाठ लावूनच. थट्टेच्या सोयऱ्याचा शब्द मात्र मोडता येत नाही; त्राओरेंना गप्प करू शकतो तो फक्त कोने. म्हणून मी न्येलेनीकडे गेलो.

"तुझ्या बापाला आणि थोरल्या बापाला मी गडी म्हणू? तोंडावर?"

"पाठीमागं म्हटलंस तर ती निंदा होईल."

"त्येमोको, मी खरी कोने नाहीये."

"म्हातारबांनी आडनाव दिलं तेव्हा अर्धंच दिलं होतं का?"

तिनं हातावरचे घट्टे बघितले आणि घरात मुसळं किती आहेत ते बघायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. डोक्यावर बाजरीची टोपली, खांद्यावर दोन मुसळं. मागून चार बायका उखळ लोटत आणत होत्या. कडुनिंबाखाली दोन्ही पाठींच्या शेजारी तिनं टोपली आदळली.

"माझे गडी सावलीत बसलेत," ती म्हणाली, "आणि माझी बाजरी कोण कांडणार? भांडायची परवानगी कुणाची घेतलीत?"

सगळी वस्ती गोळा झाली होती. ही थट्टा मी जन्मापासून ऐकत आलो, उन्हासारखी. ऊन कुणी बघत बसतं का? त्या दिवशी मात्र मी बघत राहिलो. दूरदेशीची एक पोरगी, तिला आम्ही मूठभर शेंगदाणे द्यावेत तसं आडनाव दिलेलं, आणि त्या आडनावापुढं थोरले बाबा, जे मुल्लांपुढं हलले नव्हते, हळूहळू मान वळवत होते.

"चवळीखाऊ," ते म्हणाले, "टोपली सरकव इकडं." मग पावसाळाभराची झोप उडाल्यासारखे खाकरले. "झान. मुसळ घे."

आमच्याकडे पुरुष बाजरी कांडत नाहीत. कुणी कांडलेली कुणी पाहिलीही नव्हती. एका उखळात दोघांनी कांडायचं तर एकाचं मुसळ वर जाताना दुसऱ्याचं खाली यावं लागतं, नाहीतर डोकी फुटतात. पहिले दहा घाव मुसळावर मुसळ आदळलं. बायका तोंडावर पदर धरून कळवळल्या. मग वडिलांनी श्वास आत घेतला, थोरल्या बाबांनी सोडला, आणि ताल लागला. धप्प, धप्प, धप्प. दोन म्हातारी माणसं, एकच श्वास. कुणी हसलं नाही. माझी आई रडत होती आणि कोंडा डोळ्यात गेला म्हणत होती. कोंडा वीस पावलांवर होता.

बाजरी फार वाईट कांडली गेली. न्येलेनीनं तसं सांगितलंही, आणि मग रात्री दोघांना जेवायला घातलं. वहीत त्या तारखेपुढं पहिल्यांदाच लिहिलंय: चवळी. खाली दोन अंगठे, दोन्ही त्राओरेंचे.

चौथ्या दिवशी थोरले बाबा स्वतः कोला घेऊन गेले, मागून मी. सितानच्या बापानं एक फोडला, अर्धा तोंडात टाकला, सावकाश चावला. मग समेट कुणी केला म्हणून विचारलं.

"कोनेंनी," थोरले बाबा म्हणाले.

कोणत्या कोनेंनी, हे त्यानं विचारलं नाही. बाकीचे कोला त्यानं आत ठेवून घेतले आणि उरलेला अर्धा पानात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"हा कोनेंना नेऊन दे," तो म्हणाला.