निष्कर्ष काढता येत नाही

‘आई, तुला शिकायला जायचंय, की आम्हाला सोडून जायचंय?’ – हा प्रश्न जिभेच्या टोकावर घेऊन भिंगरी पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराकडे बघत बसली होती. खोडरबर एका बाजूने झिजून तिरका झाला होता, आणि त्याच्या खालच्या पत्र्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या... म्हणजे आई पेन्सिल चावते? जन्मभर मला ‘तोंडातलं पेन काढ आधी’ म्हणणारी आई? तिला फसकन हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर प्रश्न परत घशात उतरला.

पैज तिच्या मैत्रिणीने, लांबडीने, लावली होती. काल शाळेच्या मैदानाच्या कठड्यावर पाय हलवत बसली असताना म्हणाली, “भाषणं काय, कुणीही ठोकतं. दम असेल तर घरी हे विचारून दाखव.” बाकीच्या दोघी लगेच “हो हो, विचारच” करायला लागल्या, आणि भिंगरीनेही छाती काढून सांगून टाकलं, “त्यात काय? उद्या सकाळीच विचारते!” हल्ली ती कशालाच नाही म्हणत नव्हती. वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या शाळेसमोर एकदाही न अडखळता बोलली तेव्हापासून आपण बोटभर हवेतूनच चालतो आहोत असं तिला वाटायचं. मुलींना फुटबॉलचा तास का नाही, हे मुख्याध्यापकांच्या खोलीत घुसून विचारलं तेही तिनेच. मग हे एवढंसं वाक्य – हे का अडकून बसलं होतं?

“थांबलीस का? पुढचा वाच ना गं,” आई म्हणाली.

सुट्टीची सकाळ. आई टेबलाशेजारी उभी राहून प्रयोगशाळेतला पांढरा कोट इस्त्री करत होती. रक्ताचे नमुने तपासायच्या त्या प्रयोगशाळेत ती भिंगरीच्या जन्माआधीपासून काम करत होती, आणि आता मध्येच तिला पुढची पदवी घ्यायची होती. विद्यापीठ दुसऱ्या शहरात, तिथेच राहून शिकायचं, घरी यायचं ते सुट्टीलाच. त्यासाठी पुढच्या रविवारी प्रवेश परीक्षा, आणि परीक्षेसाठी सराव प्रश्नांचं हे उशीएवढं जाडजूड पुस्तक. आई निघून गेली तर भिंगरीचं काय, यावर बंद दाराआड बोलणी चालायची. मावशीचं नाव निघायचं, मग आवाज खाली जायचे. भिंगरीला कुणी काही विचारलं नव्हतं. बाबा फक्त म्हणायचे, “आधी परीक्षा तर होऊ दे.”

“ऐक,” भिंगरीने घसा साफ केला. “कारखान्यातील प्रत्येक कामगार सोमवारी न चुकता ओळखपत्र लावतो. एका कामगाराने आज ओळखपत्र लावलेले नाही. तर पुढीलपैकी...”

“इ,” आई कॉलरवर इस्त्री दाबत म्हणाली.

“आई! मी पर्याय वाचलेसुद्धा नाहीत!”

“शेवटचा पर्याय ‘इ’च असतो ना? निष्कर्ष काढता येत नाही.”

“काढता येतो! आज सोमवार नाही. संपलं!”

“अगं, घाईत घरी विसरला असेल बिचारा.”

“विसरेल कसा? ‘प्रत्येक’ म्हटलंय. ‘न चुकता’ म्हटलंय!”

“पुस्तकात म्हटलंय गं. पण माणूस आहे.”

दोघी हसल्या. भिंगरीने पानावर फुली मारली आणि पुढचा प्रश्न घेतला: जी दुकाने सकाळी उघडतात ती दुपारी बंद असतात, कोपऱ्यावरचे दुकान दुपारी उघडे आहे – “इ,” आई म्हणाली, “मालकाचा भाऊ आला असेल, सांगता येत नाही” – आणि पुन्हा फुली. भिंगरी मागची पानं चाळू लागली. गणितं सगळी बरोबर. शब्दांचे अर्थ बरोबर, आकृत्या तर आई बघता बघता सोडवायची. फुल्या होत्या त्या फक्त दिलेल्या माहितीवरून काहीतरी ठरवायचं असेल तिथे, आणि प्रत्येक फुलीशेजारी आईचं तेच ठाम उत्तर – इ, इ, इ...

आणि मग, का कोण जाणे, तिला ती काचेची खिडकी आठवली. खूप लहान होती तेव्हा ती. शाळा लवकर सुटली म्हणून आईने तिला प्रयोगशाळेत नेऊन एका उंच स्टुलावर बसवलं होतं. खिडकीशी एक बाई आल्या, कागद हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही स्वतः बघितलंत ना? चांगलं आहे ना सगळं?” आईने बघितलं होतं. सूक्ष्मदर्शकावर वाकून किती वेळ बघत बसली होती, मान वर केली तेव्हा डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. पण ती एवढंच म्हणाली, “ते डॉक्टर सांगतील हं. बसा थोडा वेळ, पाणी देऊ?” वाटेत घरी येताना आईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली... दिसेल ते लिहायचं, त्याचा अर्थ म्हणून लावायचा नाही, हाच नियम. म्हणजे इतकी वर्षं आई रोज इ म्हणत आली होती. मनात सोमवार की मंगळवार ते पक्कं कळलेलं असताना, चेहरा सरळ ठेवून, इ.

भिंगरीचा हात पानावरच राहिला. कारण त्याच क्षणी, पाठोपाठ, दुसरं काहीतरी कळलं होतं – हे मी आईला सांगितलं नाही, तर आई नापास होईल. सांगायचं नाही, बस्स. पुढचा प्रश्न वाचायचा, फुली मारायची, ‘काय गं आई’ म्हणून हसायचं. रविवारी आई परीक्षेला जाईल, परत येईल, आणि मग कुठेच जाणार नाही. मावशी नाही, काही नाही. सकाळी वेणी घालताना तीच हनुवटी धरणार, ‘मान हलवू नकोस, भिंगरीसारखी’... कुणाला कळणारसुद्धा नाही. तिने एक प्रश्न वाचला. आई इ म्हणाली. तिने फुली मारली. आणखी एक वाचला. पेन्सिल धरलेली बोटं घामेजली होती, आणि तिला त्या बोटांची, स्वतःच्याच बोटांची, किळस आली.

“आई,” ती एकदम म्हणाली, “तुला काही येत नाही असं नाहीये. तुझी सवय नडतेय.”

“कसली सवय?”

“‘ते डॉक्टर सांगतील.’”

आईने इस्त्री उभी ठेवली. खुर्ची ओढून बसली, पुस्तक जवळ घेतलं आणि फुल्यांवरून बोट फिरवत राहिली. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली. मग जरा वेळाने पुन्हा, “अगं बाई गं...” तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की भिंगरीने नजर दुसरीकडे वळवली, कुणी कपडे बदलताना आपण वळतो तशी.

“आजपासून इ बंद,” भिंगरी घाईघाईने म्हणाली. “मी वाचणारच नाही तो. बाकीच्या चारांतलाच एक घ्यायचा. चुकलीस तर चुकलीस.”

पहिल्या वेळी आई अडली, पेन्सिल खरोखर तोंडात गेली. दुसऱ्या वेळी कुजबुजली, “क?” बरोबर. त्यापुढचंही बरोबर. मग आई ताठ बसली, तिच्याकडे रोखून बघत म्हणाली, “आता मी सांगते. एक मुलगी सकाळपासून काहीतरी गिळून बसली आहे. एरवी तिचं तोंड बंद नसतं. लांबडीचा काल दोनदा फोन येऊन गेला. निष्कर्ष – मैत्रिणींनी शिकवून पाठवलंय. बोल.”

मग भिंगरीने विचारलं. पैजेतल्यासारखं नाही, अर्धं वाक्य टेबलाकडे बघतच.

“कधी कधी दोन्ही,” आई म्हणाली. “एखाद्या दिवशी वाटतं, सगळ्यांचे डबे, सगळ्यांच्या वेळा, सगळं टाकून कुठेतरी एका खोलीत एकटीने बसावं. तासभर हं. मग तुझी आठवण येते. पण जायचंय ते त्यासाठी नाही. तिथे म्हणे समोर नमुना ठेवून विचारतात – तुम्हाला काय वाटतं? मला ते कुणीतरी विचारावं असं वाटतं गं. एकदा तरी.”

मला राग आलाय का? आलाय. दोन्ही म्हणाली ती... पण खोटं बोलली नाही. ‘तुझे बाबा सांगतील’ म्हणाली नाही. भिंगरी त्या रागाला आतून चाचपून बघत होती, आणि त्याच्या खालीच काहीतरी ऊबदार, लाडिक लागत होतं – पेन्सिल चावणाऱ्या या बाईला जवळ घेऊन तिच्या केसांवरून हात फिरवावा असं. आजवर हे उलटंच होत आलं होतं.

तेवढ्यात बाबा दुकानातून जेवायला आले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलून त्यांना घरातही तीच भाषा यायची. “काय गं भिंगरी, घर एवढं शांत? कोण आजारी आहे? मघाशी बरं होतं, की आता बरं आहे?”

“आता,” आई म्हणाली.

भिंगरी उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा केवढातरी आवाज झाला.

“बाबा, बसा. आई, तूपण. मी ठरवलंय.” व्यासपीठावरचा आवाज काढायचा होता तिला, पण निघाला तो हळू, तिच्याही ओळखीचा नसलेला. “मी मावशीकडे जाणार नाही. आईबरोबरही नाही. मी इथेच राहणार, बाबांबरोबर. आणि आईने जायचं.”

“अगं, पण अजून परीक्षा...” बाबांनी सुरुवात केली आणि आईकडे बघून थांबले. आईचा हात टेबलावर उताणा पडला होता, आणि तो धरावा की नाही ते भिंगरीला कळेना. आपण एवढा वेळ ज्याला घाबरत होतो ते आता समोर मांडून झालं, तरी भीती गेलेली नाही. फक्त ती आता एकटीची राहिली नाही, असं काहीतरी तिला वाटलं.

“मला रडू येणार आहे,” ती म्हणाली. “फोनवरसुद्धा येईल. रोज येईल बहुतेक. तरी तू परत यायचं नाहीस, आई. सुट्टीलाच यायचं.”