न वाळणारा लेप

भोंगेवालीचा एक नियम होता: हाताला चिकट लागलं की ते कुजलं, आणि कुजलेलं ठेवायचं नाही.

जुने स्पीकर दुरुस्त करण्यात तिचे केस पांढरे झाले होते. स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे हलतो तो भोवतीच्या मऊ कडेच्या जिवावर. ती कड बदलणं हा तिचा धंदा. कड बहुतेक फोमची असते. वीसेक वर्षांत फोम कुजतो, डांबरासारखा बोटांना चिकटतो. तो कणन् कण खरवडून काढला नाही तर नवी कड धरत नाही. एकदा तिने आळस केला होता, तर महिन्याभरात गिऱ्हाईक परत दारात. तेव्हापासून नियम हाडीमाशी खिळला.

सोमवारी सकाळी भावजयीने बोलावलं. भावजयीचा नाचाचा वर्ग होता, भाड्याच्या सभागृहात, लाकडी जमिनीवर. तिथले कमरेएवढे दोन बंद पेट्यांचे स्पीकर दोघींच्या लग्नांपेक्षा जुने. डावा घुरघुरतो अशी मुलींची तक्रार होती. भोंगेवालीने जाळी काढली, तर शंकूच्या मधोमध कुणा मुलीची केसांची पिन चिकटलेली. आतल्या लोहचुंबकाने ओढून घेतली असणार. पिन काढली, घुरघुर थांबली. काम खरं तर तिथेच संपलं होतं.

पण रिकाम्या हाताने उठेल ती भोंगेवाली कसली! शंकूची कड बघितली, तर ती कापडाची. अशी कड तिच्या हाताखाली कधी आली नव्हती. वर काळा चिकट थर, त्यात धूळ आणि केस. तिने बोट लावलं, नाक मुरडलं आणि स्पिरिटची बाटली उघडली. दुपारपर्यंत कापड पांढरंशुभ्र.

"बघ वहिनी, कसा न्हाऊन निघालाय!"

भावजयीने गाणं लावलं. चपला काढून जमिनीवर उभी राहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"वन्सं, ह्याचा जीव गेला."

"काहीतरीच! खणखणीत वाजतोय की."

"खणखण तुम्हाला. मला धप लागत नाहीये."

"लागत नाही म्हणजे? गाणं कानाने ऐकतात, अंगाला लावत नाहीत."

भावजयीने जाऊन दार लोटलं. परत येऊन ती नणंदेच्या अगदी समोर बसली.

"कान उरलेत कुठे? तीन वर्षं झाली. तुमच्या ओठांकडे बघून बोलते मी. ताल घेते तो टाचेतून, जमीन हलते त्यावरून."

भोंगेवालीने फडकं खाली ठेवलं. "दादाला माहीत आहे?"

"छे! त्यांना वाटतं मी मुद्दाम लक्ष देत नाही. तेवढं एक सुख आहे." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "गुरुवारी इथले नवे व्यवस्थापक वर्ग बघायला येतायत. बाईंना ऐकू येत नाही, वर्ग दुसऱ्या कुणाला द्या, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलंय. एकट्या उजव्याची धप पुरत नाही, वन्सं. त्यांच्यादेखत पाय चुकला की वर्ग गेला."

भोंगेवालीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. धड चालणारी वस्तू तिने स्वतःच्या हाताने मोडली होती. पण मोडली कुठे, हेच कळेना. शंकू धड, तारा धड, मग धप गेली कुठे? लाजेपेक्षा हे कोडंच तिला जास्त टोचायला लागलं.

तिने उजव्या स्पीकरचीही जाळी काढली. हा अजून तिच्या तावडीतून सुटलेला, मळकाच होता. बोटांनी त्याचा शंकू हलकेच आत दाबला आणि सोडला. तो सावकाश, आळस देत परत आला. डाव्याचा दाबला, तर टुण्कन बाहेर.

"अगं बाई! ह्याला कसली घाई?"

पेटी बंद असेल तर आतली हवा शंकूला धरून ठेवणार. डावा हवा धरत नव्हता. तिने कापसाचा पिंजलेला पुंजका कडेजवळ धरला आणि गाणं लावायला सांगितलं. दर ठोक्याला पुंजका थरथरत होता. वारा कापडातून गळत होता. तो काळा थर म्हणजे घाण नव्हती. कापडाची भोकं बुजवायला कुणीतरी मुद्दाम लावलेला लेप होता, आणि कड मऊ राहावी म्हणून जन्मभर न वाळणारा.

"म्हणजे चिकट होता म्हणूनच चांगला होता," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि मी शहाणी!"

मंगळवारभर तिच्या घरात जुन्या उशीच्या अभ्र्याचे तुकडे दोरीवर लटकत होते. एकाला पांढरा गोंद लावला, तो वाळून पापडासारखा कडक झाला. एकाला पंक्चरचं सोल्यूशन लावलं, ते आक्रसून कापड गोळा झालं. वॅसलीन लावून बघितलं, फुंकर मारली तर वारा आरपार. प्रत्येक तुकडा ती तोंडाला लावून फुंकायची, मग चुरगळायची. नवऱ्याने विचारलं, "अभ्रे खायला लागलीस काय?" तिने ऐकलंच नाही.

बुधवारी ती गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "मला असं काहीतरी दे, जे कधीच वाळत नाही."

"माझ्या सासूचं तोंड आहे," तो म्हणाला. मग विचार करून त्याने काचेखाली दाबतात ती काळी चिकट पट्टी दिली. "दहा वर्षांपूर्वीच्या गाडीतून काढली तरी अशीच निघते."

तिने अंगणात बसून पट्टीचे बारीक तुकडे पेट्रोलमध्ये विरघळवले. अभ्र्याच्या तुकड्याला लेप दिला. पेट्रोल उडून गेलं, लेप चिकटच राहिला. वास पूर्ण गेल्यावर तिने फुंकलं. वारा अडला. चुरगळलं, कापड मऊच. मग सभागृहात जाऊन दारंखिडक्या सताड उघडल्या आणि ब्रशने कडेला दोन पातळ हात दिले, लेप जाड झाला तर शंकू जड होईल म्हणून जपून. संध्याकाळी शंकू दाबला. तो आळस देत परत आला. भावजय अनवाणी उभी राहिली आणि नुसती मान हलवत राहिली.

गुरुवारी व्यवस्थापक आले, मागच्या भिंतीशी उभे राहिले. मुली नाचल्या. भावजय त्यांच्यापुढे पाठमोरी नाचत होती. एक पाय चुकला नाही. गाणं थांबलं आणि व्यवस्थापकांनी मागून हाक मारली, "बाई!"

ती वळली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावरून भोंगेवाली अर्धवट उठली. समोरच्या आरशात भावजयीला मुलींचे चेहरे दिसले, तेव्हा कुठे ती वळली.

सबब सांगता आली असती. ती म्हणाली, "तुम्ही हाक मारलीत ना? मला ऐकू येत नाही, साहेब. पण ताल चुकला का?"

"नाही," ते गोंधळून म्हणाले. "तेच कळत नाहीये. कसा नाही चुकला?"

"बूट काढा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. एक मुलगी फिसकन हसली. गाणं पुन्हा लागलं. साहेब आधी अवघडून उभे होते, मग त्यांनी पायांकडे बघितलं, मग डोळे मिटले. गाणं संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा लावा."

दुसऱ्या खेपेला ते टाच टेकवून, मग बोटं टेकवून, कुठून जास्त येतं ते बघत होते.

"वर्ग राहू दे तुमच्याकडेच," बूट घालता घालता मान वर करून ते म्हणाले. "पण तुम्हाला हाक मारायची असेल तर काय करायचं?"

"जमिनीवर पाय आपटा."

त्यांनी बूट घातलेला पाय असा दणकन आपटला की खिडकीची तावदानं हादरली.

"हळू, साहेब," भावजय म्हणाली. "बहिरी आहे, मेलेली नाही."