डोक्यावर ओतलेलं नाव

मी दगड बोलतोय. चर्चच्या दाराशी उभा असतो ना, बाप्तिस्म्याचं कुंड झालेला, तोच. पाथरवटाने माझं पोट कोरलं तेव्हा वाटलं, वाटोळं झालं आपलं. मग कळलं, यातल्याच पाण्याने लोक आपली लेकरं देवाच्या पदरात घालतात. काय फुशारलो होतो मी! आता त्या पाथरवटाचा राग येतो.

बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. चुकलं, पुन्हा करा, असं चालत नाही.

एक शिंपीण होती, बिजवराला दिलेली. तिने लेकीचं नाव कधीचंच ठरवलं होतं, टॉवेलच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने भरलंही होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सासूने बाळ तिच्या हातातून घेतलं. "तू बस गं बाकावर, ओली बाळंतीण तू." केवढी माया, असं वाटलं मला. बावळटच मी!

"बाळाचं नाव काय ठेवता?" फादरनी विचारलं.

सासूने खणखणीत आवाजात नाव सांगितलं. पहिल्या, वारलेल्या सुनेचं.

शिंपीण ताडकन उठली. "नाही फादर, हे नाही ठरलं!"

"डोकं ठिकाणावर नाही हो तिचं," सासू हसत म्हणाली. "माझी गुणी सून गेली. तिचं नाव तरी घरात राहू दे."

फादर नवऱ्याकडे वळले. "बाप तुम्ही. तुम्हीच सांगा."

त्या मेल्याने बुटांकडे बघत म्हटलं, "आई म्हणते तेच."

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी पडलं. माझंच पाणी. पोर किंचाळली. सासूने तिचं डोकं त्याच टॉवेलने पुसलं आणि वर म्हणाली, "भरतकाम बाकी छान हं!"

सगळे फोटो काढायला बाहेर गेले. शिंपीण बाकावर बसून दाताने तो निळा दोरा उसवत होती.

आता पोर टाचा उंचावून माझ्यात डोकावते. सवतीच्या नावाने लेकीला हाक मारणं शिंपिणीला काही जमलं नाही. 'ए' म्हणते, 'पोरी' म्हणते, रागावली की तेही नाही.

बायांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण ऐका. लेकरू माझ्यापाशी आणाल तेव्हा स्वतःच्या कडेवर आणा, कितीही गोड बोलून कुणी मागितलं तरी.

परवा पोर एकटीच आली. पाण्यात बोटं बुडवून तिने कपाळ खसाखसा चोळलं आणि मला विचारलं, "आईला मी आवडत नाही का रे?"

तेवढ्यात बाहेरून आजीने लाडाने नाव घेऊन हाक मारली, आणि ती हसत तिच्याकडे पळाली.