कोंबूची आमटी

आठ महिने वृंदाच्या दुखण्याची दोनच निदानं होत होती, आणि दोन्ही घरची. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "आळस, दुसरं काय!" नवरा अंबरीष म्हणायचा, "होमसिक झालीयेस." अंबरीष तोक्योत एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. तिथल्या फुनाबोरी भागातल्या दोन खोल्यांत काम ते काय असणार, असं त्याचं ठाम मत. इकडे वृंदाचे केस मूठमूठ गळत होते, स्टेशनचा जिना चढवत नव्हता आणि जूनमध्ये स्वेटर लागत होता. शेवटी त्यानं तिचं आणि लेकीचं, जुईचं, पुण्याचं तिकीटच काढून आणलं. जुई नुकती इथल्या पहिलीत रमलेली. वृंदाला मुळीच जायचं नव्हतं, पण भांडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप यायचा.

शेजारच्या अनघानं तिला ओढून दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला लावलं. आज रिपोर्ट होता. अंबरीष दुभाषा म्हणून आला, तोही घड्याळाकडे बघत.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक डोकं आणि गळा काढला. अंबरीष मराठीत सांगू लागला, "डोक्यातली ग्रंथी हार्मोन पाठवून गळ्यातल्या थायरॉइडला सांगते, काम कर. थायरॉइडच्या हार्मोनवर सगळं शरीर चालतं. तुझी थायरॉइड ढिम्म बसलीय, म्हणून वरून दहापट हुकूम सुटतायत."

वृंदाला रडूच फुटलं. म्हणजे आतूनही कुणीतरी तिच्यावर खेकसतच होतं!

"कोंबू खाता का?" बाईंनी विचारलं.

अंबरीषचं घड्याळाकडे बघणं थांबलं. कोंबू म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या वाळक्या पट्ट्या. इथल्या सुपात माशाचं पाणी असतं, म्हणून ऑफिसातल्या साइतो-सानना विचारून हा शाकाहारी उपाय त्यानंच शोधला होता. मग रोज आमटीत कोंबू हवाच, हा हट्टही त्याचाच. तो वाटीभर ओरपायचा, जुई तोंडही लावायची नाही. उरलेली आमटी वृंदाच्या वाट्याला. शिवाय उकडलेल्या पट्ट्या टाकवत नाहीत, म्हणून चिंचगूळ घालून त्यांची चटणीही तीच संपवायची.

"त्यात आयोडीन भरमसाट असतं. फार झालं की काहींची थायरॉइड काम थांबवते," बाई म्हणाल्या. "आता बंद करा. महिन्यानं पुन्हा तपासू."

बाहेर येताच अंबरीष मोकळेपणी हसला. "म्हणजे काहीच नव्हतं की गं!"

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने, आणि काहीच नव्हतं? घरी आल्या आल्या तिनं कोंबूची पाकिटं आणि चटणीची बरणी त्याच्या पुढ्यात आदळली.

"हे कुठल्या कचऱ्यात जातं?"

"मोएरु गोमी!" जुई गृहपाठातून मान वर न करता म्हणाली. जळणारा कचरा.

अंबरीषनं मुकाट्यानं पिशवी आणली. भरता भरता चाचरत म्हणाला, "आणि... तिकीट?"

"कागदच आहे ना?" वृंदा म्हणाली. "त्याच पिशवीत."