वगळलेलं मशीन

थोरलीने केबलचं टोक नेटवर्कच्या स्विचच्या शेवटच्या पोर्टमध्ये दाबून बसवलं आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागेपर्यंत ती गुडघ्यांवरून उठली नाही. मागे दारात तिचा दीर उभा होता. प्रयोगशाळेचा कारभार हातात आल्यापासून धाकट्याला दारातूनच बोलायची सवय लागली होती. आत आलं की बसावं लागतं आणि बसलं की समोरच्याचंही ऐकावं लागतं.

“झालं का, वहिनी?”

“जोडून झालंय. आता इथल्या प्रत्येक मशीनची नेटवरची ये-जा या स्विचमधून जाताना तिची एक नक्कल माझ्या कॉम्प्युटरकडे वळेल. कुठल्या मशीनवरून, कुठल्या पत्त्यावर, कधी आणि किती, एवढं दिसेल. आतला मजकूर दिसत नाही.”

“मजकूर मला पाठ आहे. नाव हवंय.”

मजकूर सगळ्यांनाच पाठ होता. बॅटऱ्यांच्या कारखान्यामागे जी वस्ती होती, तिच्या विहिरीच्या पाण्यात इथल्या तपासणीत शिसं सापडलं होतं. कारखाना हे प्रयोगशाळेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. धाकट्याने त्या निकालावर ‘फेरतपासणी चालू’ असा शेरा मारला आणि तो दाबून ठेवला. तरीही तो वस्तीतल्या शाळेपर्यंत पोचला. पालकांना कागद पाठवता यावेत म्हणून शाळेने आपल्या संकेतस्थळावर एक सोय ठेवली होती, तिथे कुणीतरी तो चढवला होता. मुख्याध्यापिकेने कारखान्याला जाब विचारला, कारखान्याने धाकट्याला, आणि धाकट्याने दिसेल त्याला.

“ती केमिस्टच असणार,” तो म्हणाला. “निकाल तीच काढते. पुरावा मिळू द्या, तिला घरी बसवतो. आणि दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत तिला कुणी उभं करणार नाही, तेही बघतो.”

“नाव आधीच ठरलंय, तर मग माझी काय गरज आहे, भाऊजी?”

“तुम्ही घरच्या आहात, म्हणून तुम्हाला सांगतोय.” तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. “आणि माझ्या खोलीतलं मशीन यातून वगळा. दुपारी आप्पा तिथे पत्ते खेळत बसतात, उगाच पसारा दिसेल.”

आप्पा म्हणजे तिचे सासरे. थोरलीने मान डोलावली नाही की हलवलीही नाही. सासरी आल्यापासून तिने ही एक कला कमावली होती.

खुर्चीवर बसून तिने नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला एकेका मशीनची ओळख करून द्यायला घेतली. ही यंत्रणा आल्याआल्या चोर पकडत नाही. नव्या जागी आलेल्या माणसासारखं तिला आधी काही दिवस नुसतं बघत बसावं लागतं. कोण कधी येतं, कुठे जातं, किती बोलतं, हे नेहमीचं कळलं की मग वेगळं काय ते तिला आपोआप टोचतं. धाकट्याच्या खोलीतलं मशीन यादीत आलं. वगळायचं म्हणजे एका चौकोनातली खूण काढायची, बस्स. थोरलीची बोटं तिथे थांबली. सगळ्यांच्या दारावर पहारा बसवायचा आणि स्वतःचं दार तेवढं मोकळं ठेवायचं, हे तिच्या डोक्यात गेलं. तिने खूण काढली नाही.

पहारा करायचा तिला भारी संताप येत होता. यंत्रणेचे शिकायचे दिवस संपेपर्यंत तिला नको ते सगळं कळलं होतं. टायपिस्ट सकाळी आल्याआल्या पाळणाघराचा कॅमेरा उघडते, तो दिवसभर बंद करत नाही. भांडारवाला जेवणाच्या सुट्टीत स्थळं बघतो आणि ती संपली की हिरमुसून बुद्धिबळाकडे वळतो. हिशेबनीस रोज एका आजाराच्या संकेतस्थळावर वाचत बसतात, आणि घरी कुणालाच माहीत नसावं असं त्यांच्या तोंडावरून वाटतं. थोरली जिन्यात भेटली की ही माणसं हसायची आणि तिला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

केमिस्ट मात्र सरळ तिच्या टेबलाशीच आली. सडसडीत, कोपरापर्यंत हातमोजे, आवाज एकाच पट्टीतला.

“ताई, सगळे म्हणतात मी पाठवलं. मी पाठवलेलं नाही.”

“बरं.”

“पाठवायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं.” एवढं बोलून ती हातमोजे काढत निघून गेली.

त्यानंतर दुसरा निकाल आला. केमिस्टने तो नेहमीसारखा सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवला आणि धाकट्याने नेहमीसारखा शेरा मारला. दोन दिवसांनी दुपारी धाकटा जेवायला घरी गेलेला असताना थोरलीच्या पडद्यावर एक लाल पट्टी उमटली. कुणीतरी शाळेच्या पत्त्यावर मोठी फाईल पाठवली होती. तिने पट्टीवर क्लिक केलं. मशीन केमिस्टचं नव्हतं. ते धाकट्याच्या खोलीतलं होतं.

तिने आलेख मोठा केला. एकसारख्या उंचीची शिखरं ओळीने उभी होती. तीच फाईल, परत तीच, परत तीच, मध्ये जरा दम घेऊन आणखी एकदा. केमिस्ट असती तर एकदा पाठवून मोकळी झाली असती. थोरली पडद्याकडे बघत राहिली आणि तिला एकदम हसू फुटलं. घरात एकच माणूस असं करतो. बटण दाबल्यावर काही हललेलं दिसलं नाही की तो पुन्हा दाबतो. फुललेल्या गुलाबाचा एकच फोटो त्याच्याकडून सगळ्या नातेवाइकांना चार-चारदा जातो.

हसू ओसरल्यावर तिने माऊस लाल पट्टीवर नेला. ही पट्टी पुसणं तिच्या हातात होतं. पुसली तर आप्पा सुटत होते आणि केमिस्ट अडकत होती. नाही पुसली तर सासऱ्यांना त्यांच्याच मुलासमोर उभं करायचं, तेही सुनेने. तिचा नवरा परगावी होता. फोन करून विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तुला काय वाटतं ते कर. तेवढ्यासाठी फोन कशाला करायचा?

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकट्याचा आवाज चढला. शाळेने लगेच कारखान्याला विचारलं असणार आणि कारखान्याचा फोन त्याला जेवून परतताना वाटेतच आला असणार. थोरली उठून त्याच्या खोलीत गेली तेव्हा केमिस्ट टेबलासमोर उभी होती. बसायला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढे आप्पा होते, पडद्यावर पत्ते मांडलेले.

“तुम्ही राजीनामा देताय की मी काढू?” धाकटा विचारत होता.

“तुम्हीच काढा. आणि कारण लेखी द्या,” केमिस्ट म्हणाली. “पाण्यात शिसं सापडलं म्हणून, असं.”

“भाऊजी,” थोरली म्हणाली, “यांनी पाठवलेलं नाही. शाळेला फाईल गेली ती तुमच्या मशीनवरून.”

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. “माझं मशीन वगळायला सांगितलं होतं.”

“हो. मी नाही वगळलं.”

“का?”

“बाकी कुणालाच वगळलेलं नाही, म्हणून.”

धाकटा काहीतरी बोलायला गेला. मग त्याची नजर खिडकीकडे वळली आणि तोंड उघडंच राहिलं. आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. ही प्रयोगशाळा त्यांनी एका भाड्याच्या खोलीत आणि एका जुन्या तराजूवर उभी केली होती.

“इतके दिवस सगळ्यांची उलटतपासणी घेतलीस,” ते म्हणाले. “मला नाही विचारलंस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.”

“आप्पा, हे तुम्ही? अहो, घरातूनच असं केलंत, तर मी बाहेर कुणाला तोंड दाखवू?”

“तुला जेवताना सांगितलं होतं, ते पाणी पोरं पितात म्हणून. तू म्हणालास, आप्पा, तुम्ही आता आराम करा. म्हणून आरामात बसून पाठवला.”

केमिस्टने मान खाली घातली. ती हसते आहे की काय, ते कळलं नाही.

“कारखान्याचं काम गेलं तर ही जागा बंद पडेल,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखर घाबरलेला होता. “एवढी माणसं कुठे जातील? तुमचंच नाव आहे बाहेर पाटीवर.”

“त्यासाठीच तर. माझ्या नावाखाली खोटं पाणी पाजायचं नाही. आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाबा. आज मी पाठवला, उद्या आणखी कुणी पाठवेल. तू किती जणींना घरी बसवणार?” त्यांनी केमिस्टकडे मान वळवली. “काय गं, तिसरा नमुना तपासून झाला?”

“झाला, आप्पा. त्याचा निकाल आज सकाळीच फोल्डरमध्ये ठेवलाय,” केमिस्ट म्हणाली.

“आणि?”

“वाढलंय.”

थोरलीने भिंतीजवळची खुर्ची ओढून केमिस्टपुढे ठेवली, दुसरी आप्पांच्या शेजारी ओढली आणि तिच्यावर स्वतः बसली. तिने पत्ते मिटवले. फोल्डर उघडून फाईल निवडली, शाळेचं पान काढलं.

“हे बघा, आप्पा. इथे दाबायचं. मग खालची रेघ भरेपर्यंत थांबायचं. परत दाबायचं नाही.”

आप्पांनी एका बोटाने दाबलं. रेघ सावकाश भरत गेली आणि दोघंही तिच्याकडे बघत बसले.

“वहिनी,” धाकटा टेबलामागून म्हणाला, “काय पाठवलंत? कुणाला पाठवलंत? मी विचारतोय तुम्हाला.”

“उद्यापासून यंत्रणेचा अहवाल रोज सकाळी तुमच्या टेबलावर येणार आहे, भाऊजी,” थोरली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “त्यात वाचा. तुमच्याच मशीनच्या नावापुढे असेल.”