मूळ रेकॉर्डिंग

मोनालीने इयरफोन काढला, तेव्हा बिजला तिच्या चेहऱ्याकडेच बघत होती. ऐकताना मोनालीच्या भुवया वर गेल्या होत्या. पण नेमक्या कुठल्या शब्दावर, ते बिजलाला टिपता आलं नव्हतं.

"हे तर आपलं आहे," मोनाली म्हणाली. "यांच्याकडे कसं गेलं?"

"तेच तुला विचारतेय."

दोघी जळगावच्या एका कॉलेजात जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला होत्या. बिजला सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, मोनाली पाचोऱ्याची. हॉस्टेलची खोली एक, प्रकल्पही एक. त्या प्रकल्पासाठी बिजलाने आपल्या आईला, गुंताबाईला, बोलतं केलं होतं. पाड्यावरचं आरोग्य उपकेंद्र बहुतेक वेळा बंदच असायचं. बिजलाची वहिनी सुनिता बाळंतपणात अडली, त्या दिवशीही दाराला कुलूप होतं. जीपने तालुक्याला नेताना बाळ वाटेतच गेलं. गुंताबाईने हे सगळं त्यांच्या पावरी बोलीत, एका लयीत, न रडता सांगितलं होतं. हे वर्गाबाहेर जाणार नाही, असं बिजलाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि सकाळी चुलतभाऊ रोहिदासचा फोन आला. गुंताबाईचा आवाज एका बातम्यांच्या यूट्यूब चॅनलवर लागला होता. खाली मराठी अक्षरं. सरपंचाचा माणूस घरी येऊन गेला होता.

"पाड्यावर म्हणतात, पोरगी शिकायला गेली आणि घरचं दुःख चव्हाट्यावर मांडलं," रोहिदास म्हणाला. "तू कोणाला दिलं होतंस?"

रेकॉर्डिंग बिजलाच्या फोनमध्ये होतं आणि मोनालीच्या लॅपटॉपवर. एडिटिंग तिच्याकडे होतं. सरांना अजून दिलंच नव्हतं. आणि येत्या मे महिन्यापासून मोनालीला याच चॅनलवर इंटर्नशिप मिळाली होती.

"नीट ऐक ना," मोनाली म्हणाली. "सुरुवातीला शेळी ओरडते. मध्ये आई बराच वेळ गप्प आहेत. मी दोन्ही कापलं होतं. हे माझं नाही, हे मूळ रेकॉर्डिंग आहे."

"मूळही तुझ्याकडेच आहे."

 मोनालीने इयरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

त्यानंतर बिजलाला मोनालीचं प्रत्येक वागणं वेगळं दिसू लागलं. फोन आला की ती व्हरांड्यात जायची. पूर्वीही जायची, पण आता बिजला पुस्तकाचं पान न उलटता कान देऊन बसायची. मोनाली फोन पालथा ठेवू लागली. मेसमध्ये ती चॅनलच्या कोणाशी तरी हसून बोलत होती, असं दुसऱ्या मुलीने सांगितलं, तेव्हा बिजलाने ताटातली भाकरी तशीच ठेवली.

एका संध्याकाळी मोनाली आंघोळीला गेली आणि बिजलाने तिचा लॅपटॉप उघडला. पाठवलेल्या मेलमध्ये अर्ज होता, बायोडेटा होता, भावाला पाठवलेले फोटो होते. ती खाली खाली जात राहिली. दार वाजलं नाही. केसांना टॉवेल गुंडाळलेली मोनाली मागे उभी होती.

"व्हॉट्सॲप फोनमध्ये आहे," ती म्हणाली आणि फोन उघडून तिच्यासमोर ठेवला. "तेही बघून घे."

बिजलाने फोनला हात लावला नाही. पण नको, असंही म्हणाली नाही. त्याच रात्री मोनालीने गादी गुंडाळली आणि शेजारच्या खोलीत गेली.

शनिवारी बिजला घरी निघाली. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. घरी काय सांगायचं, ते ती वाटभर जुळवत होती: आपली चूक झाली, मैत्रिणीवर भरवसा ठेवला. पाड्याच्या वळणावर उपकेंद्र आलं. दार उघडं होतं. आत कोणीतरी फरशी धूत होतं आणि पायरीवर दोन बाया पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  गाडीतल्या एका म्हाताऱ्याने बिजलाकडे वळून पाहिलं.

गुंताबाई अंगणात मोहाची फुलं पसरत होती. बिजलाने पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच उकिडवी बसली.

"आई, ते माझ्या मैत्रिणीने दिलं. माझ्यासोबत राहते ती. मी आता तिच्याशी बोलत नाही."

गुंताबाईचा हात थांबला.

"कोणी सांगितलं तुला तिने दिलं?"

"दुसरं कोण देणार?"

"मी दिलं," गुंताबाई म्हणाली. "तू ऐकायला म्हणून सुनिताच्या फोनवर पाठवलं होतंस ना, तेच. त्या चॅनलवर खाली नंबर येतो. आधी मी सुनिताला विचारलं, पाठवू का. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, पाठव. तिनेच पाठवलं."

दारात सुनिता उभी होती. बिजलाने तिच्याकडे पाहिलं, तशी तिने मान हलवली आणि आत गेली.

"मला सांगायचं तरी," बिजला म्हणाली. "सगळे मला बोलतायत."

"सरपंचाच्या माणसाला मी सांगितलं, मीच दिलं. त्याला खरं वाटलं नाही. म्हणाला, पोरीनेच केलं असणार, तुम्हाला कुठे जमतंय." गुंताबाईने ओंजळभर फुलं पुढे लोटली. "तुलाही वाटलं नाही, आईने दिलं असेल."

"मी वर्गापुरतं म्हटलं होतं, आई."

"तू म्हटलं होतंस. मी कुठे म्हटलं होतं? तुझ्या वर्गाने येऊन कुलूप काढलं असतं का?"

बिजला बराच वेळ फुलं निवडत बसली. काड्या एकीकडे, फुलं एकीकडे. मग तिने फोन काढला. पाड्यावर रेंज ओट्याच्या टोकालाच मिळायची, आता आई बसली होती तिच्या अगदी शेजारी. ती तिथे सरकून बसली. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं.

"हं," मोनाली म्हणाली.

"मोनाली, मला बोलायचं होतं."

"आधी हे सांग, शेजारी कोण आहे?"

गुंताबाई मान खाली घालून फुलं सारखी करत होती, पण तिचे हात हळू झाले होते.

"आई आहे," बिजला म्हणाली. "ऐकतेय."

"त्यांना मराठी कळतं?"

"कळतं."

"मग त्यांच्यासमोरच बोल," मोनाली म्हणाली.